बॅकअप घेतलाय, पण परत येईल का?

१९९८मध्ये पिक्सार स्टुडिओत ‘टॉय स्टोरी २’चं काम चालू असताना कुणाकडून तरी भलत्याच जागी फाइली पुसायची कमांड दिली गेली आणि पडद्यावरची पात्रं डोळ्यांदेखत गायब होऊ लागली. बघता बघता बहुतेक चित्रपट पुसला गेला. स्टुडिओकडे बॅकअप होता, पण तो काढायला गेल्यावर कळलं की तो नीट घेतलाच जात नव्हता. चित्रपट वाचला तो गॅलिन सुसमन यांच्यामुळे. बाळंतपणानंतर त्या घरून काम करत होत्या आणि त्यांच्या घरच्या कॉम्प्युटरवर चित्रपटाची प्रत होती. तो कॉम्प्युटर ब्लँकेटांत गुंडाळून गाडीतून स्टुडिओत आणला गेला.

आज घराघरांत मुलांचे फोटो, मार्कशीटचे स्कॅन, जमिनीचे कागद आणि घरखर्चाचे हिशेब डिस्कवरच असतात. त्यांची काळजी घेणारी माणसंही काही समजुतींमुळे फसतात.

गैरसमज: फोटो बाहेरच्या हार्ड डिस्कवर हलवले की बॅकअप झाला.

लॅपटॉपवरची जागा मोकळी करायला फाइली ‘कट’ करून डिस्कवर ‘पेस्ट’ केल्या, तर प्रत एकच उरते. ती डिस्क टेबलावरून पडली की सगळं संपलं. छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी रूढ केलेला ३-२-१चा नियम इथे उपयोगी पडतो: एकूण ३ प्रती, २ वेगळ्या प्रकारच्या साधनांवर आणि त्यातली १ दुसऱ्या ठिकाणी. हे शेवटचं कलम सर्वांत जास्त टाळलं जातं. १० मार्च २०२१ रोजी फ्रान्समधल्या स्ट्रासबर्ग इथे ओव्हीएच कंपनीच्या डेटा सेंटरला आग लागली. ज्यांचा बॅकअपही त्याच आवारात होता, अशा काही ग्राहकांचा मूळ डेटा आणि प्रत दोन्ही जळून गेलं. घरच्यासाठी उपाय साधा आहे: एक डिस्क बहिणीकडे किंवा गावच्या घरी ठेवावी आणि गेल्यावर तिच्यावर नवी प्रत घ्यावी.

गैरसमज: सिंक किंवा रेड चालू आहे, मग वेगळा बॅकअप कशाला?

रेड म्हणजे अनेक डिस्क एकत्र जोडून वापरण्याची पद्धत. तिच्या आरशासारख्या प्रकारात दोन डिस्कवर तोच मजकूर एकाच वेळी लिहिला जातो. एक डिस्क बंद पडली तरी काम थांबत नाही, हा त्याचा फायदा. पण चुकून पुसलेली फाइल दोन्हीकडून त्याच क्षणी जाते. खंडणीखोर व्हायरसने कुलूपबंद केलेली फाइलही दोन्हीकडे तशीच उमटते. क्लाउडच्या सिंकचंही तेच: मोबाइलवरून पुसलेला फोटो लॅपटॉपवरूनही जातो. कचरापेटीत तो काही दिवस सापडतो, नंतर तिथूनही जातो. म्हणून जुन्या आवृत्त्या जपणारी प्रत वेगळी लागते.

लिनक्सवर आरसिंक हे फाइली कॉपी करण्याचं साधन वापरणाऱ्यांनी इथे विशेष जपावं. त्यातला ‘डिलीट’ हा पर्याय मूळ जागी नसलेल्या फाइली प्रतीतूनही काढून टाकतो. मूळ फोल्डरच्या नावाच्या शेवटी तिरकी रेघ दिली तर फक्त आतला माल जातो, न दिल्यास फोल्डरसकट जातो. एवढ्याशा फरकाने फाइली भलत्या जागी पडतात. त्यामुळे आधी ‘ड्राय-रन’ द्यावा. काय कॉपी होणार आणि काय पुसलं जाणार याची यादी दिसते, प्रत्यक्षात काहीच हलत नाही.

गैरसमज: लिनक्स मिंटवर टाइमशिफ्ट लावलंय, आता चिंता नाही.

टाइमशिफ्ट सिस्टिमसाठी आहे. एखाद्या अपडेटनंतर कॉम्प्युटर नीट सुरू होईना, तर ते आधीच्या स्थितीवर नेतं. वापरकर्त्याचं होम फोल्डर, म्हणजे फोटो आणि कागदपत्रं, ते मुळातच वगळतं. त्यासाठी देजा डुप किंवा आरसिंक वेगळं लावावं लागतं.

गैरसमज: बॅकअप रोज आपोआप होतोय, म्हणजे वेळेला मिळणारच.

३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅब कंपनीच्या एका इंजिनिअरने चुकीच्या सर्व्हरवर डेटाबेसचं फोल्डर पुसलं. लक्षात येऊन त्याने कमांड थांबवली, तोवर सुमारे ३०० जीबीपैकी जेमतेम ४.५ जीबी उरलं होतं. रोजचा बॅकअप शोधला, तर तो नव्हताच. डेटाबेस ९.६ आवृत्तीचा आणि बॅकअप घेणारं साधन ९.२चं, त्यामुळे काम दर वेळी अडत होतं. तसं कळवणारे ईमेलही पलीकडे नाकारले जात होते. दुसऱ्या कामासाठी ६ तास आधी हाताने घेतलेला एक स्नॅपशॉट सापडला, म्हणून बहुतेक डेटा वाचला; मधल्या ६ तासांचा गेला. कंपनीने ही दुरुस्ती यूट्यूबवर थेट दाखवली आणि चुका उघडपणे मांडल्या, हे तिचं मोठेपण.

घरी ही तपासणी सहज जमते. बॅकअपमधलं एक फोल्डर दुसऱ्या कॉम्प्युटरवर किंवा रिकाम्या जागी परत आणावं. दोन-तीन फोटो, एखादा व्हिडिओ आणि हिशेबाची एक फाइल उघडून पाहावी. मराठी नावांच्या फाइली नीट दिसतात ना, तेही बघावं. मोठे व्हिडिओ सापडत नसतील, तर डिस्क एफएटी३२ प्रकारची आहे का ते पाहावं, कारण तिच्यावर ४ जीबी किंवा त्याहून मोठी फाइल बसत नाही. बॅकअपला पासवर्ड असेल, तर तो फक्त त्याच लॅपटॉपमध्ये ठेवू नये. कागदावर लिहून घरातल्या दुसऱ्या माणसालाही ती जागा सांगून ठेवावी.