केस पेपरमध्ये न लिहिलेला प्रश्न

क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट व्हायला नुसतं एम.ए. पुरत नाही, हे ऐकून पालक गोंधळतात. 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यातली व्याख्या बघा. तिच्यात सांगितलेल्या एका मार्गात पदव्युत्तर पदवीनंतर दोन वर्षांचं पूर्णवेळ एम.फिल. आहे, आणि त्यात देखरेखीखाली केलेलं प्रत्यक्ष काम हवंच. ही देखरेख म्हणजे नेमकं काय, ते आज बघू.

समजा, एक विद्यार्थिनी ओपीडीत केस हिस्ट्री घेतेय. समोर पन्नाशीचे गृहस्थ. झोप नाही, भूक नाही. कधीपासून, घरात कुणाला आजार, दारू, आधीचे उपचार, सगळं तिनं नीट लिहून आणलंय. आम्ही विचारतो, "'आता नसलो तरी चालेल' असं ते म्हणाले, त्यावर तू काय विचारलंस?" ती म्हणते, "सर, मग मी झोपेबद्दल विचारलं."

खरं सुपरव्हिजन इथं सुरू होतं. आत्महत्येबद्दल थेट विचारावं, विचारल्यानं तो विचार डोक्यात भरत नाही, हे तिला पाठ असतं. तरी शब्द फुटत नाही. समोरचा माणूस वडिलांच्या वयाचा. 'हो' म्हणाला तर पुढे काय करायचं? ही अडचण रुग्णाची नाही, तिची आहे. म्हणून ती पुस्तकात सापडत नाही.

रुग्ण अजून बाहेर बाकावर बसलेले असतात. आम्ही तिच्यासोबत त्यांना पुन्हा आत घेतो, प्रश्न विचारतो, धोका वाटला तर त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञांना दाखवतो. ती शिकतेय म्हणून रुग्णानं वाट बघायची नसते, जबाबदारी आमची. नंतर, सावकाश, आम्ही रुग्ण होऊन बसतो आणि तिला तो प्रश्न मोठ्यानं म्हणायला लावतो. "जीव द्यावासा वाटतो का? कसा, ते ठरवलंय का?" पहिल्यांदा आवाज चाचरतोच. पाच-सहा वेळा म्हटल्यावर स्थिरावतो.

नुसते कागद तपासून हे कळलं नसतं का? इथं कळलं, कारण तिनं ते वाक्य प्रामाणिकपणे लिहिलं. एरवी नोंदीत माणूस स्वतःला बरा दिसेल असंच लिहितो, त्यात विद्यार्थ्यांचा काय दोष! त्यामुळे शेजारी बसणं किंवा रुग्णाच्या परवानगीनं रेकॉर्डिंग ऐकणं लागतंच. कार्ल रॉजर्स यांनी 1942 च्या पुस्तकात एका रुग्णाच्या सगळ्या बैठका ध्वनिमुद्रणावरून शब्दशः छापल्या, त्यात स्वतःच्या बोलण्यावरही टिपा दिल्या.

तुमच्यासमोर कधी शिकाऊ सायकॉलॉजिस्ट बसला, तर बिनधास्त विचारा: तुमचे सुपरव्हायझर कोण, आणि माझी केस ते कधी बघणार?