किक आणि बेस एकत्र पडले पाहिजेत

परळ-लालबागच्या पट्ट्यात गिरण्यांच्या जागी काचेचे मनोरे उभे राहिले, तरी काही जुन्या औद्योगिक वसाहती अजून तग धरून आहेत. तळमजल्यावर छापखाना, वर शिवणकाम, त्याच्या वर कुरिअरचं गोदाम. अशाच एका वसाहतीतल्या गाळ्यात रॉक संगीताचा क्लास चालतो. ‘मुंबईतली मुलं आता रॉक शिकायला क्लासला जातात म्हणे, बघून या,’ एवढंच संपादकांनी सांगितलं होतं. मी गेलो आणि ड्रमच्या पायथ्याशी असलेल्या एका पेडलपाशी अडकलो.

आधी थोडा इतिहास. गोव्यातल्या चर्चच्या शाळा पिढ्यान्‌पिढ्या मुलांना पाश्चात्त्य स्वरलिपी आणि व्हायोलिन शिकवत आल्या. तिथून तयार झालेले वादक मुंबईत आले, धोबीतलावच्या आसपास राहिले, हॉटेलांच्या बँडमध्ये आणि पुढे हिंदी सिनेमाच्या वाद्यवृंदांत बसले. त्याच भागात १८६५ पासून फुर्टाडोजचं दुकान आहे. रॉक मात्र या परंपरेबाहेर वाढलं. ज्यांना ते वाजवायचं होतं, त्यांनी कॅसेट मागेपुढे करून गाणी कानाने उचलली आणि कोलकात्याच्या गिवसन गिटारवर बोटं सोलून घेतली. महेश तिनईकर ज्यात गिटार वाजवत, त्या ‘रॉक मशीन’ या बँडचा ‘रॉक अँड रोल रेनेगेड’ हा अल्बम १९८८ साली आला, तेव्हा रॉक शिकवणारी शाळा ही कल्पनाही फारशी कुणाच्या डोक्यात नव्हती. लंडनमध्ये १९९१ साली ‘रॉकस्कूल’ने गिटार, बेस आणि ड्रमच्या श्रेणी परीक्षा सुरू केल्या. पुढे संगीताच्या परीक्षा घेणाऱ्या ट्रिनिटी या संस्थेनेही रॉक आणि पॉपचा वेगळा अभ्यासक्रम आणला. या परीक्षा आपल्याकडे रुजल्या आणि त्यांच्यामागून क्लास आले.

परीक्षेने काय दिलं, हे मोकळेपणाने सांगायला हवं. तिच्यामुळे मुलं वाचायला शिकली. हाताला तंत्र आलं. भिंतीवर लावायला प्रमाणपत्र मिळालं, आणि ड्रम वाजवणं हाही अभ्यास आहे हे आईवडिलांना पटलं. रॉकस्कूलच्या परीक्षेत १०० पैकी ६० गुण तीन रचनांना असतात, बाकीचे तांत्रिक सराव, न पाहिलेलं वाजवणं, कानाची चाचणी आणि तोंडी प्रश्न यांना. त्या तीन रचना मुलगा ध्वनिमुद्रित साथीबरोबर वाजवतो. आणि ती साथ कधी चुकत नाही, दमत नाही, घाई करत नाही. मुलगा चुकला तरी ती आपल्या वाटेने पुढे जाते.

शनिवारी संध्याकाळी या गाळ्यात नेमकं याच्या उलट शिकवलं जातं. आठवडाभर एकेकटी शिकलेली मुलं त्या दिवशी बँड म्हणून एकत्र बसतात. इथे प्रत्येक जण चुकतो, आणि त्या चुकीचं काय करायचं हाच धडा असतो.

ड्रम शिकवणारे सर लालबागचेच. त्यांचे वडील बेंजो पार्टीत वाजवायचे. सर लहानपणी गणपतीच्या मिरवणुकीत वडिलांच्या मागे चालत आणि हात दुखेपर्यंत साइड ड्रम वाजवत. ‘पुढे नाचणाऱ्यांच्या पायांकडे बघून वाजवायचं, हे बाबांनी शिकवलं,’ ते म्हणाले. ‘ठोका कागदावर असतो, पण उतरतो समोरच्याच्या पायात.’ रॉक ते नंतर शिकले. आधी दुसऱ्यांच्या जॅमरूममध्ये केबल गुंडाळण्याचं काम करताना, मग स्वतः ड्रमवर बसून.

मी पाहिलं त्या संध्याकाळी गाणं होतं एसी/डीसीचं ‘बॅक इन ब्लॅक’, १९८० सालचं. ऐकायला सोपं, वाजवायला अवघड. चारपर्यंत मोजत हाय-हॅटच्या झांजांवर सलग ठोके, स्नेअर दोन आणि चारवर, किक म्हणजे पायाने वाजणारा मोठा ड्रम एक आणि तीनवर. गिटारचा तुकडा येतो आणि थांबतो, मधे मोकळी जागा राहते. त्या मोकळ्या जागेत ड्रमशिवाय कुणी नसतं. नवशिकी मुलं तिथेच घाबरतात आणि ती जागा लवकर संपवून टाकतात. ड्रमवरची चौदा वर्षांची मुलगीही तेच करत होती.

सरांनी गिटारवाल्या दोघांना थांबवलं. फक्त ती आणि बेस वाजवणारा मुलगा.

‘मेट्रोनोमची क्लिक बंद कर, बेटा. आता मोजू नकोस. दादाच्या उजव्या हाताकडे बघ. त्याचं बोट तारेवर पडेल तेव्हा तुझा पाय पडला पाहिजे.’

पुढचा बराच वेळ तेवढंच चाललं. त्या पायाखालचं यंत्र मी तेव्हा नीट पाहिलं. पायाची पट्टी, साखळी, एक स्प्रिंग आणि दांड्याच्या टोकाला फेल्टचा गोळा. पट्टी दाबली की गोळा मोठ्या ड्रमवर आदळतो, स्प्रिंग त्याला मागे खेचते. या यंत्रामागे विल्यम लुडविग आहेत. ते शिकागोत नाट्यगृहांत ड्रम वाजवत. तेव्हाही पेडल होती, पण अवजड आणि संथ. रॅगटाइमच्या वेगाला ती पुरत नव्हती. १९०९ साली त्यांनी छोटं, वेगवान पेडल बनवलं आणि भावाबरोबर कंपनी काढली. मोठा ड्रम आणि स्नेअर एकाच माणसाने सांभाळायचे तर दोन्ही काठ्यांनीच करावी लागणारी धावपळ त्यामुळे संपली. पाय मोकळा होता, तो कामाला लागला, आणि आज आपण ज्याला ड्रमसेट म्हणतो तो शक्य झाला.

हे यंत्र हट्टी आहे. स्प्रिंग घट्ट केली तर गोळा झटकन परततो, पण पोटरी भरून येते. सैल केली तर पाय हलका राहतो, ठोका मात्र उशिरा येतो. टाच टेकवून वाजवलं तर आवाज मऊ, टाच उचलली तर दमदार. गोळा कातड्यावर दाबून ठेवला तर ठोका कोरडा पडतो, सोडला तर घुमतो. सर प्रत्येक मुलाच्या वजनाप्रमाणे आणि पायाच्या लांबीप्रमाणे स्प्रिंग बदलतात. बेसची सर्वात जाड तार सुमारे ४१ हर्ट्झवर थरथरते, आणि किकचा गाभाही त्याच खालच्या भागात असतो. दोन्ही एकाच क्षणी पडले तर कानाला एकच भरदार आवाज येतो. जरा मागेपुढे झाले तर ऐकणाऱ्याला चूक सापडत नाही, पण ठोका पसरट लागतो आणि गाणं निर्जीव वाटतं.

त्या मुलीचा पाय शेवटी बसला. तो क्षण सगळ्यांना कळला, कारण बाजूला उभ्या दोन्ही गिटारवाल्यांनी कुणी न सांगता वाजवायला सुरुवात केली, आणि मधल्या मोकळ्या जागा आता कुणी खात नव्हतं. मला या शाळेचं मोल तिथे दिसलं. स्पर्धेत वाढलेल्या या मुलांना दुसऱ्याचं ऐकल्याशिवाय स्वतःचं वाजवता येत नाही अशी जागा क्वचितच मिळते.

पण जी किक बँडला जोडते, तीच भिंत ओलांडते. आवाज शोषणारा फोम किंवा अंड्यांचे ट्रे लावून खोलीतला घुमारा कमी होतो, आवाज बाहेर जायचा थांबत नाही. त्यासाठी जड भिंती, हवाबंद दारं आणि इमारतीपासून सुटी केलेली जमीन लागते. तो खर्च भाड्याच्या गाळ्याला परवडत नाही. घरी सरावासाठी जाळीचा इलेक्ट्रॉनिक ड्रमसेट घेतला तर काठ्यांचा आवाज जातो, पण पेडलचा धक्का लादीतून खालच्या घरात उतरतोच. म्हणून चाळीतली, फ्लॅटमधली मुलं हाताचा सराव उशीवर किंवा रबराच्या पॅडवर करतात आणि पायाचा सराव राहून जातो. जो अवयव बँडचा पाया आहे, तोच आठवडाभर उपाशी.

कानांचीही काळजी आहे. ड्रमसमोर बसलेल्याच्या कानावर १०० डेसिबलच्या आसपास आवाज पडतो, आणि अमेरिकेच्या कामगार आरोग्य संस्थेच्या हिशेबाने त्या पातळीला दिवसात फक्त पंधरा मिनिटं सुरक्षित. सर कानात प्लग घातल्याशिवाय कुणाला बसू देत नाहीत. सगळ्या क्लासांत हे घडत नाही, आणि गेलेली श्रवणशक्ती परत येत नाही.

सर्वात मोठी अडचण रंगमंचाची. १९८६ साली सुरू झालेला ‘इंडिपेंडन्स रॉक’ हा महोत्सव धोबीतलावच्या रंगभवनात व्हायचा. अनेक बँडना पहिले खरे श्रोते त्या खुल्या प्रेक्षागृहात भेटले. शेजारी महाविद्यालय, जवळ रुग्णालय. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांत अशा जागांभोवतीचा १०० मीटरचा परिसर शांतता क्षेत्र ठरला, तिथे दिवसाची मर्यादा ५० डेसिबल, आणि रंगभवनातल्या मैफली थांबल्या. नियम चुकीचा नाही. रुग्णालयाच्या खिडकीखाली गिटार वाजू नये हे मलाही मान्य आहे. पण गेलेल्या जागेऐवजी दुसरी जागा कुणी दिली नाही. आज ही मुलं सत्राच्या शेवटी एखाद्या हॉटेलच्या कोपऱ्यात किंवा मॉलच्या मधल्या चौकात वाजवतात. समोर पालक असतात आणि जाता जाता थांबलेले लोक. त्यातच दहावीचं वर्ष आलं की शनिवार आधी सुटतो आणि एक बेसवाला गेला की अख्खा बँड विस्कटतो.

यावर उपाय महागडा नाही. नियमांचा रोख उघड्यावरच्या आवाजावर आहे. बंद सभागृहांना त्यात सवलत आहे. मुंबईत प्रत्येक उपनगरात शाळांची सभागृहं आहेत आणि रविवारी दुपारी त्यांतली बहुतेक कुलूपबंद असतात. महिन्यातून एक दुपार, एक ध्वनिव्यवस्था, ठरलेली आवाजाची मर्यादा आणि तीन-चार क्लासांचे बँड, एवढं एखाद्या शाळेने किंवा महापालिकेने ठरवलं तरी पुरे. एकांकिका स्पर्धांनी मराठी रंगभूमीला नट दिले, कारण कॉलेजच्या पोरांना ठरलेल्या तारखेला खरा रंगमंच आणि अनोळखी प्रेक्षक मिळाले. या मुलांना तीच तारीख द्यायला हवी. पायात ठोका आणण्याचं काम सर करतच आहेत. तो ऐकायला सभागृहाचं दार उघडणं हे आपलं काम आहे.