बांध सरकला, फेरफार राहिला
(नभोवाणी भाषणाचा संपादित अंश)

महाबळेश्वराकडून निघालेली सावित्री पोलादपूर ओलांडून महाडात येते आणि तिथे तिला गांधारी भेटते. २२ जुलै २०२१ रोजी या नद्यांनी महाड शहर पाण्याखाली घेतले. त्याच दिवशी तळिये येथे दरड कोसळून ऐंशीहून अधिक माणसे गेली. पोलादपूर तालुक्यात केवनाळे आणि सुतारवाडीवरही डोंगर उतरला. वीज गेलेली, मोबाइल मुके. वाडीचा निरोप शहरात पोचवणे कठीण झाले.

अशा वेळी राउटरचा एक गुण उपयोगी पडतो. बाहेरचे इंटरनेट तुटले तरी, बॅटरीवर चालू असेल तर तो आसपासच्या फोनना आपल्याजवळची माहिती देऊ शकतो. वाडीतल्या माणसांची यादी, निवाऱ्याच्या जागा, पावसाच्या नोंदी. त्यासाठी अडगळीतला जुना संगणकही चालतो. त्यावर लिनक्सवर आधारलेली ‘ओपनडब्ल्यूआरटी’ ही मोफत प्रणाली घालतात.

पण माहिती भरू लागले की यंत्र म्हणते, जागा संपली. डिस्क १२० जीबीची, मग जागा गेली कुठे?

उत्तर इतिहासात आहे. २००३ साली लिंक्सिस कंपनीने आपल्या एका राउटरमधील लिनक्सचा मजकूर खुला केला आणि २००४मध्ये त्यातून ही प्रणाली उभी राहू लागली. त्या पेटीत साठवण होती अवघी ४ एमबी! जन्म असा काटकसरीतला, म्हणून सवयही तशीच. संगणकासाठीच्या तयार प्रतीत मूळ विभाग साधारण १०४ एमबीचाच आखलेला असतो. बाकीची डिस्क पडीक.

आता आपल्या भातखाचरांकडे पाहा. विभाग म्हणजे बांध. फाइल सिस्टिम म्हणजे आतल्या जमिनीचा सातबारा. कुठल्या तुकड्यात काय पेरले, याची नोंद. पहिले काम बांध पुढे सरकवण्याचे, ते ‘पार्टेड’ ही आज्ञावली करते. बरेच जण इथेच थांबतात आणि जागा वाढली नाही म्हणून कपाळाला हात लावतात. बांध सरकला, पण फेरफार झालेला नाही! ‘रिसाइझ टू एफएस’ चालवल्यावर सातबाऱ्यावर नवी जमीन चढते. आणखी एक पेच असतो. यंत्र सुरू होताना आपले घर एका ओळखक्रमांकावरून शोधते. विभाग नव्याने आखताना तो क्रमांक बदलला, तर सुरुवातीच्या सूचनांतही बदलावा लागतो. नाहीतर यंत्र दारातच उभे.

या प्रणालीचा दुसरा अवतार मला कवी म्हणून जास्त आवडतो. त्यात मूळ प्रणाली छापून झालेल्या संग्रहासारखी असते, तिच्यात खाडाखोड होत नाही. आपले बदल वर चिकटवलेल्या चिठ्ठ्यांवर राहतात. वाचताना दोन्ही एकत्र दिसतात. चिठ्ठ्या काढल्या की मूळ प्रत पुन्हा कोरी करकरीत. इथे वाढवायची ती चिठ्ठ्यांची जागा.

बाजारातल्या छोट्या राउटरमध्ये साठवणीची चिप पाटीला डाख देऊन बसवलेली. तिथे बांध सरकत नाही. मग पेन ड्राइव्ह लावून चिठ्ठ्या तिकडे न्यायच्या, म्हणजे शेजारचे शेत खंडाने घ्यायचे. पेन ड्राइव्ह उपटला तर मात्र पीकही गेले.

हे काम आषाढात काढू नका. बांध हलत असताना वीज गेली तर सातबारा फाटतो, आणि आपल्याकडे आषाढात वीज कधी जाईल सांगता येत नाही. आधी सगळ्याची प्रत काढा आणि ती माळ्यावर ठेवा. महाडकरांना माळ्याचे महत्त्व मी काय सांगणार? प्रणालीची नवी आवृत्ती घालतानाही प्रत हवीच. त्या वेळी बांध पुन्हा जुन्या जागी येऊ शकतो, आणि पलीकडे ठेवलेली वाडीची यादी हाती लागत नाही.