कुरकुरीत टोफू

रमजानच्या महिन्यात इफ्तारची वेळ जवळ आली की घराघरांत कढई चुलीवर चढते. दस्तरखानावर खजूर, फळे, सरबत यांच्याबरोबर गरमागरम भजी येतात. पहिले भजे कसे कुरकुरीत लागते! पण नमाज आटोपून परत यावे तर तेच भजे मऊ पडलेले असते. अशा मऊ पडलेल्या पदार्थाला मराठीत 'सादळला' असे म्हणतात. पदार्थ कुरकुरीत का होतो आणि सादळतो का? आज आपण एका वेगळ्या पदार्थाच्या मदतीने हे समजून घेऊ. त्या पदार्थाचे नाव आहे टोफू.

टोफू म्हणजे सोयाबीनच्या दुधाचे पनीर. ते दिसायला पनीरसारखेच पांढरे असते. पण त्यात गाईम्हशीच्या दुधाचा थेंबही नसतो. टोफूचा जन्म चीनमध्ये झाला. हान घराण्याच्या काळातील ल्यू आन नावाच्या राजपुत्राने तो प्रथम बनवला, अशी तेथे दंतकथा आहे. तिला भक्कम पुरावा नाही. परंतु दहाव्या शतकातील चिनी लिखाणात टोफूचा उल्लेख आढळतो. चीनमधून हा पदार्थ जपानमध्ये गेला. तेथील बौद्ध मठांत मांस वर्ज्य असल्यामुळे टोफूला मोठे स्थान मिळाले. इ. स. १७८२ मध्ये ओसाका शहरात टोफूच्या १०० पाककृतींचे एक पुस्तकच प्रसिद्ध झाले. इंडोनेशिया या मुस्लिमबहुल देशात टोफूला 'ताहू' म्हणतात. जावा बेटावरील सुमेदांग हे गाव तर तळलेल्या ताहूसाठीच प्रसिद्ध आहे. आपल्याकडे वडापावाबरोबर जशी हिरवी मिरची देतात, तशीच तेथे ताहूबरोबर हिरवी मिरची देतात.

मग इतक्या दूरच्या पदार्थाशी आपला काय संबंध? संबंध आहे, आणि तो फार जवळचा आहे. सोयाबीन आपल्याच शेतांत पिकते. विदर्भात आणि मराठवाड्यात खरीप हंगामात मैलोन् मैल सोयाबीनची हिरवी शेते दिसतात. लातूरची बाजारपेठ सोयाबीनसाठी ओळखली जाते. परंतु हे सोयाबीन जाते कुठे? बहुतेक सारे तेलाच्या गिरणीत. तेथे त्याचे तेल निघते आणि उरलेली पेंड कोंबड्यांच्या व जनावरांच्या खाद्यात जाते. १०० ग्रॅम सोयाबीनमध्ये सुमारे ३६ ग्रॅम प्रथिने असतात. तूरडाळीत ती सुमारे २२ ग्रॅम असतात. वाढत्या वयाच्या मुलामुलींना प्रथिनांची फार गरज असते. ज्या घरात रोज दूध, अंडी किंवा गोश्त परवडत नाही, त्या घराला सोयाबीनचा मोठा आधार होऊ शकतो. जे पीक शेतकरी घाम गाळून काढतो, तेच त्याच्या स्वतःच्या ताटात क्वचित दिसते, ही खेदाची गोष्ट आहे.

टोफू घरी करणे अवघड नाही. पाव किलो सोयाबीन निवडून, धुऊन रात्रभर पाण्यात भिजत घालावे. सकाळी दाणे हाताने चोळून साले काढावीत. मग थोडे थोडे पाणी घालून ते मिक्सरमध्ये अगदी बारीक वाटावे. सगळे मिळून सुमारे दोन लिटर पाणी लागते. हे वाटण स्वच्छ मलमलच्या कापडातून गाळून पिळून घ्यावे. खाली उतरते ते सोयाबीनचे दूध. कापडात उरलेला चोथा फेकू नये. तो कणकेत मळून पराठे करता येतात. मात्र ते चांगले भाजावेत.

आता दूध मोठ्या पातेल्यात तापवावे. येथे एक गोष्ट नीट लक्षात ठेवा. हे दूध उकळण्यापूर्वीच फेसाळून वर येते. नवशिक्या माणसाला वाटते, दूध उकळले! पण ती खरी उकळी नसते. आच मंद करून, सतत ढवळत, खरी उकळी आल्यानंतरही दहा मिनिटे दूध उकळत ठेवावे. कच्च्या सोयाबीनमध्ये प्रथिनांच्या पचनात अडथळा आणणारे घटक असतात. पुरेशा उष्णतेनेच ते निकामी होतात. घाई केली तर पोट बिघडते.

पातेले उतरवून पाच मिनिटे थांबावे. तीन-चार मोठे चमचे लिंबाचा रस कपभर कोमट पाण्यात मिसळून तो दुधात हलक्या हाताने तीन वेळा विभागून घालावा. पातेले झाकून पंधरा मिनिटे अजिबात हलवू नये. दुधातील प्रथिने एकमेकांना चिकटतात, त्यांचे दहीदार गोळे होतात आणि फिकट पिवळे पाणी वेगळे होते. चीनमध्ये लिंबाऐवजी जिप्सम नावाचे खनिज वापरतात. जपानमध्ये समुद्राच्या पाण्यातून मीठ काढल्यावर जे कडवट पाणी उरते, त्यातील क्षार वापरतात. साधने वेगळी असली तरी काम एकच.

हे गोळे कापड घातलेल्या चाळणीत ओतावेत, कापडाची घडी घालावी आणि वर पाण्याने भरलेला तांब्या ठेवावा. अर्ध्या तासात टोफूची वडी तयार होते.

आता तळण्याकडे वळू. टोफू तळताना बहुतेकांची फजिती होते. तुकडे कढईला चिकटतात, तेल उडते आणि पदार्थ चिवट होतो. या सगळ्याचे कारण एकच आहे : पाणी. टोफूच्या वजनाचा सुमारे तीन चतुर्थांश भाग पाणीच असतो. पाणी १०० अंश सेल्सिअसला उकळते. पृष्ठभाग ओला आहे तोपर्यंत त्याचे तापमान त्याच्या फारसे वर जात नाही, मग तेल कितीही तापलेले असो. पदार्थावर सोनेरी रंग आणि खमंग वास येण्यासाठी मात्र साधारण १४० अंशांच्या पुढे जावे लागते. तेव्हा प्रथिने आणि साखर यांच्यात रासायनिक क्रिया घडते. फ्रेंच शास्त्रज्ञ मैलार्ड यांनी १९१२ मध्ये तिचे वर्णन केले, म्हणून तिला त्यांचे नाव मिळाले. थोडक्यात, आधी पाणी गेले पाहिजे, मगच रंग येतो.

म्हणून वडी पुन्हा कापडात गुंडाळून आणखी अर्धा तास वजनाखाली ठेवावी. तिचे बोटभर रुंदीचे चौकोनी तुकडे करून ते कापडाने टिपावेत. मीठ, लाल तिखट आणि किंचित हळद लावून ते कॉर्नफ्लॉवरमध्ये किंवा तांदळाच्या पिठात घोळवावेत. हे पीठ उरलेला ओलावा शोषून घेते आणि तळल्यावर त्याचे पातळ, कडक कवच बनते. पीठ लावून तुकडे फार वेळ ठेवू नयेत, नाहीतर पीठ ओले होते.

तेल तापले की पिठाचा एक कण टाकून पाहावा. तो लगेच बुडबुड्यांसह वर आला तर तेल तयार आहे. एका वेळी पाच-सहाच तुकडे सोडावेत. कढई भरून टाकली तर तेल थंड होते आणि तुकडे तेल पितात. सुरुवातीला भरपूर बुडबुडे येतात. ते बुडबुडे म्हणजे बाहेर पडणारी वाफच होय. ते कमी झाले आणि रंग सोनेरी झाला की तुकडे जाळीवर काढावेत. त्यांवर झाकण ठेवू नये. झाकले की आतली वाफ कोंडते, तिचे पुन्हा पाणी होते आणि कवच सादळते. इफ्तारची भजी मऊ का पडली, हे आता तुमच्या लक्षात आलेच असेल. भज्याच्या आतला ओलावा बाहेरच्या कवचात शिरला, आणि वर कोणीतरी प्रेमाने झाकणही ठेवले होते!

तळण्याचे काम घरातील मोठ्या माणसांच्या देखरेखीखालीच करावे. कढईतील तेलाने पेट घेतला तर त्यावर पाणी कधीही टाकू नये. पाण्याची क्षणात वाफ होते आणि पेटलेले तेल चोहीकडे उडते. गॅस बंद करावा, जमल्यास कढईवर धातूचे झाकण सरकवावे आणि लगेच मोठ्यांना हाक मारावी.

उर्दूत आपण 'करारा' आणि 'खस्ता' असा फरक करतो. मराठीतही 'कुरकुरीत' आणि 'खुसखुशीत' हे वेगळे आहेत. पापड कुरकुरीत असतो, तर नानखटाई खुसखुशीत असते. नीट तळलेला टोफू बाहेरून कुरकुरीत आणि आतून मऊ असतो. येत्या सुट्टीत अम्मीच्या मदतीने तो करून पाहा. दाताखाली पहिला तुकडा कुर्रकन मोडला की समजा, पाण्याचे गणित तुम्हांला सुटले. आणि हो, तो दाणा कदाचित आपल्याच मराठवाड्यातल्या एखाद्या शेतातून आलेला असेल, हेही विसरू नका.