शनवार तेल्यांचा इस्रायलमधला लढा
शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून कोकणात ‘शनवार तेली’ म्हटले गेलेले बेने इस्रायली १९४८ नंतर इस्रायलला जाऊ लागले. धर्म ज्यू, घरात मराठी. तरीही १९६२ मध्ये तिथल्या मुख्य रब्बींनी त्यांच्या लग्नाआधी पूर्वजांची चौकशी करण्याचे निर्देश दिले. हा उघड अपमान होता. बेने इस्रायलींनी जेरुसलेममध्ये धरणे धरले. ऑगस्ट १९६४ मध्ये नेसेटने, म्हणजे तिथल्या संसदेने, त्यांना सर्वार्थाने ज्यू मानले आणि निर्देशांतून त्यांचे नाव गेले. नवख्या, परक्या भाषेत झगडणाऱ्या माणसांनी हे मिळवले, याचे मोल मोठे आहे.

पुढे १९७१ मध्ये भेदभावाविरुद्धच मोरोक्कोहून आलेल्या कुटुंबांतल्या तरुणांनी इस्रायलमध्ये ‘ब्लॅक पँथर्स’ ही संघटना काढली. अमेरिकेतल्या याच नावाच्या संघटनेवरून १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर उभी राहिली.