चाकावरची टोपी आणि तीन बटणे

जुन्या मोटारींच्या चाकाच्या मध्यभागी एक चकचकीत घुमटाकार टोपी असते. गॅरेजमध्ये तिला व्हीलकॅप म्हणतात. तिला स्क्रू नसतो, नट नसतो, तरी खड्ड्यांतून आदळत जाणाऱ्या चाकावर ती घट्ट बसून राहते. आणि काढायची झाली तर एका पात्याच्या पिळाने सुटते. हे काम पाच मिनिटांचे आहे. पण तरफ, स्थितिस्थापकता, आघात आणि गंजणे हे आपण वर्गात शिकवतो ते चार धडे त्यात एकत्र भेटतात. धडे विसरून जोर लावला, तर टोपी कायमची वाकडी होते, आणि इतक्या जुन्या गाडीची दुसरी टोपी सहज मिळत नाही.

उदाहरणासाठी मॉरिस मायनर ही गाडी घेऊ. अ‍ॅलेक इसिगोनिस या अभियंत्याने आखलेली ही छोटी गाडी इंग्लंडमध्ये १९४८ साली बाजारात आली. भारतात हिंदुस्थान मोटर्सने ती ‘बेबी हिंदुस्थान’ या नावाने विकली. पुढे याच कारखान्याची, २०१४ सालापर्यंत बनत राहिलेली अँबॅसडर ही मॉरिसच्याच ऑक्सफर्ड या थोरल्या गाडीवरून घेतलेली होती.

टोपीला धरून कोण ठेवते?

मायनरच्या चाकाच्या तबकडीवर समान अंतरांवर तीन उंचवटे असतात. त्यांना बटणे म्हणू. टोपीचा काठ आतल्या बाजूला किंचित वळवलेला असतो. टोपी दाबली की हा काठ बटणांवरून घसरत क्षणभर बाहेर ताणला जातो आणि पलीकडे जाऊन पुन्हा आत येतो. पत्रा आपल्या मूळ आकाराकडे परतू पाहतो, म्हणून बटणांना आवळून धरतो. म्हणजे टोपी हीच एक स्प्रिंग आहे.

बटणे तीनच का? चुलीचे धोंडे तीन असतात, तेच कारण. जमीन उंचसखल असली तरी तीन धोंड्यांवर भांडे डुगडुगत नाही. चार धोंडे असले तर एखादा अधांतरी राहू शकतो. टोपीचा काठ अगदी अचूक वर्तुळ नसला, तरी तीन बटणांना तो टेकतोच. चौथे बटण असते तर कारखान्याला बरीच जास्त अचूकता पाळावी लागली असती.

किती वाकवले तर परत येईल?

पोलाद थोडे ताणले तर सोडल्यावर पूर्ववत होते. मर्यादेपलीकडे ताणले तर नवा आकार कायम राहतो. साध्या पोलादासाठी ही मर्यादा साधारण हजारात एक भाग, म्हणजे ०.१ टक्का लांबीवाढ, एवढी धरता येईल. पत्रा वाकतो तेव्हा त्याचा बाहेरचा पृष्ठभाग ताणला जातो. हा ताण किती, ते काढणे सोपे आहे : पत्र्याच्या जाडीला बाकाच्या त्रिज्येच्या दुपटीने भागायचे.

समजा, पत्रा १ मिमी जाड आहे. त्याला ५०० मिमी त्रिज्येचा बाक दिला, तर ताण १ भागिले १०००, म्हणजे ०.१ टक्का होतो. पत्रा जेमतेम मर्यादेत राहतो. आता अरुंद स्क्रू-ड्रायव्हरच्या टोकाभोवती तोच पत्रा ५ मिमी त्रिज्येत वाकला असे धरू. ताण १ भागिले १०, म्हणजे १० टक्के! मर्यादेच्या शंभरपट. काठाला कोच पडतो आणि त्या जागी स्प्रिंग मरते. अशी टोपी बसल्यासारखी दिसते, पण पुढच्या एखाद्या खड्ड्यात उडून जाते. म्हणून पहिला नियम असा, की रुंद पात्याचे हत्यार वापरावे. चाकाच्या पान्याचे चपटे टोक यासाठी चांगले.

टोपी काढताना

नुसती टोपी काढायला जॅक लागत नाही. गाडी सपाट जागी उभी करून हँडब्रेक ओढावा. काठाला बोट लावून अंदाज घेतला की बटण कुठे आहे ते कळते. त्या बटणाजवळ पाते काठाखाली सरकवून हळूच पिळावे. काठ एका बटणावरून सुटला की टोपी त्या बाजूला सरकायला मोकळी होते आणि उरलेली दोन बटणे आपोआप सैल पडतात. दोन बटणांच्या मधोमध जोर लावला, तर काठ वाकतो, पण सुटत नाही.

इथे तरफेचे गणित लक्षात ठेवावे. टेकू पात्याच्या टोकापासून १ सेंमीवर आणि हात २५ सेंमीवर असेल, तर जोर २५ पट होतो. हातावर २ किलो वजनाइतका जोर दिला, तर काठावर ५० किलो वजनाइतका पडतो. तेव्हा ताकद कमीच लावावी. टोपी हलली नाही तर पाते पुढच्या बटणाकडे न्यावे.

पात्याखाली फडके का?

टोपीची चकाकी क्रोमियमची. पण क्रोमियमचा थर मिलिमीटरच्या हजाराव्या भागापेक्षाही पातळ असतो. पोलादाचे खरे रक्षण त्याखालचा निकेलचा जाड थर करतो. पात्याने दोन्ही थर खरवडले गेले तर काय होते? बादलीवरच्या जस्ताला ओरखडा पडला तर जस्त स्वतः झिजते आणि लोखंड वाचवते, कारण जस्त लोखंडापेक्षा अधिक क्रियाशील आहे. निकेल लोखंडापेक्षा कमी क्रियाशील आहे. त्यामुळे ओरखड्यात पाणी शिरले की लोखंडच आधी गंजते, तेही मुलाम्याखाली पसरत. म्हणून पात्याखाली जाड फडके ठेवावे.

परत बसवताना

टोपी बसवण्याआधी तिच्याआड असलेले चारही नट पान्याने तपासावेत. ही सर्वांत महत्त्वाची पायरी. एकदा टोपी बसली की सैल नट दिसत नाही, आणि सैल नटाचे चाक जिवावर बेतू शकते. नट समोरासमोरच्या जोडीने आवळावेत, म्हणजे चाक सर्व बाजूंनी सारखे टेकते. मग बटणांवरचा आणि काठाच्या आतला चिखल, गंज पुसून काढावा.

आता टोपीचा काठ दोन बटणांवर अडकवावा आणि तिसऱ्या बटणाच्या अगदी वर, काठाजवळ, मुठीच्या मऊ बाजूने एक ठोसा द्यावा. ठोसा का? समजा, १ किलो वस्तुमानाचा हात सेकंदाला ३ मीटर वेगाने आला आणि सेकंदाच्या शंभराव्या भागात थांबला. तेवढ्या क्षणापुरते ३०० न्यूटन बल मिळते, म्हणजे सुमारे ३० किलो वजनाइतके. काठाला बटण ओलांडायला असा क्षणच हवा असतो. घुमटाच्या मधोमध मात्र मारू नये; तिथे पोचा पडतो आणि बल बटणापर्यंत नीट पोहोचत नाही.

वर्गात करून पाहा

१. तेलाच्या चौकोनी डब्याच्या सपाट बाजूची अरुंद पट्टी शिक्षकांनी कापावी आणि धारदार कडांना चिकटपट्टी लावावी. ती बादलीभोवती वाकवून सोडा. ती सरळ होते. मग पेन्सिलीभोवती वाकवून सोडा. आता काय होते? पत्र्याची जाडी मोजून दोन्ही वेळचे ताण मुलांना काढायला सांगा.

२. प्लास्टिकच्या डब्याचे लवचीक झाकण तिघांनी तीन बाजूंनी आत दाबा. दाबाच्या जागांमधला काठ बाहेर फुगतो. टोपीच्या काठाला बटणे बाहेर ढकलतात, तेव्हा मधला काठ कुठे जात असेल?

३. घट्ट झाकणाचा डबा चमच्याच्या दांड्याने उघडताना टेकू कुठे असतो? तो झाकणाच्या जवळ आणि दूर ठेवून जोरातला फरक अनुभवा.

पेनाचे टोपण, जेवणाचा डबा, औषधाच्या गोळ्यांची बाटली या वस्तूंमध्येही काठ, उंचवटा आणि लवचीकपणा यांचा असाच मेळ आहे का, ते मुलांनी घरी शोधावे आणि चित्र काढून आणावे.