सावध भोजन आणि वजनाचा हिशेब

आपल्या व्यवसायाचे स्वरूपच असे आहे की, चालणे घडत नाही आणि खाणे मात्र घडत राहते. पोती उचलणारा हमाल सडपातळ व गादीवरील मालक स्थूल, हे दृश्य कोणत्याही वखारीत दिसावे. स्थूलतेस संपन्नतेचे लक्षण मानण्याचे दिवस गेले. मधुमेह, रक्तदाब आणि गुडघेदुखी ही तिची व्याजासह येणारी देणी होत. भारतीय शरीरमानास अनुलक्षून वैद्यकतज्ज्ञांनी घातलेली मर्यादा अशी की, किलोतील वजनास मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागून येणारा अंक २५ वा अधिक असल्यास ती स्थूलता समजावी. म्हणजे ५ फूट ५ इंच उंचीच्या गृहस्थाचा काटा ६८ किलोंपुढे जाता कामा नये.

यावर पथ्य व व्यायाम हे उपाय सर्वज्ञात आहेत. ते टिकत नाहीत, हेही सर्वज्ञात आहे. म्हणून पाश्चात्य डॉक्टरांनी त्यांस मनाच्या सावधानतेची जोड देऊन पाहिली. जॉन कबाट-झिन यांनी १९७९ मध्ये अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात दीर्घ वेदनांनी व मनस्तापाने ग्रासलेल्या रुग्णांसाठी असे वर्ग सुरू केले. त्यांत एकच बेदाणा हाती देऊन तो पाहावा, हुंगावा, सावकाश चावावा, असा पाठ असे. आम्हां धान्याच्या व्यापाऱ्यांस यात नवल वाटू नये. पोत्यातील नमुना तळहातावर घेऊन आम्ही रंग पाहतो, वास घेतो, दाणा दाताखाली फोडून ओल पारखतो. विकण्याच्या धान्यावर इतके लक्ष, आणि त्याच धान्याची भाकरी पोटात जाताना लक्ष टेलिफोनवर अथवा बाजारभावावर!

या पद्धतीचे मर्म भूक व ओढ यांतील भेद ओळखण्यात आहे. भूक हळूहळू वाढते आणि साध्या वरणभातानेही शमते. ओढ एकाएकी येते व विशिष्ट पदार्थच मागते. तिचे मूळ पुष्कळदा वसुलीच्या चिंतेत, कंटाळ्यात किंवा समोर उघड्या ठेवलेल्या फरसाणाच्या डब्यात असते. तृप्तीची सूचना आतड्यांतून मेंदूस पोहोचण्यास सुमारे २० मिनिटे लागतात. घाईने जेवणारा तोवर दोन पोळ्या अधिक खाऊन बसतो.

तथापि गुणांची अतिशयोक्ती नको. जीन क्रिस्टेलर यांनी १९९९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या १८ स्थूल स्त्रियांवरील अभ्यासात अनावर खाण्याचे प्रसंग आठवड्यास सुमारे चारांवरून दीडपर्यंत उतरले. पुढे कॅलिफोर्नियात १९४ स्थूल व्यक्तींवर मोठा प्रयोग होऊन त्याचे निष्कर्ष २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले. पथ्य व व्यायामाचे शिक्षण दोन्ही गटांस सारखेच होते. एका गटास सावधानतेची जोड होती. १८ महिन्यांनी त्या गटाचे वजन सरासरी १.७ किलो अधिक उतरले होते, पण एवढा फरक योगायोगाचाही असू शकतो, असे संशोधकांचे गणित सांगते. उपाशीपोटीची रक्तशर्करा मात्र या गटात अधिक चांगली राहिली. मधुमेही कुटुंबांनी हा लाभ थोडा मानू नये.

आपल्या बाह्य तपांत अनशनानंतर लगेच अवमौदर्य, म्हणजेच ऊनोदरी येते. पुरुषाचा आहार ३२ घास मानून त्यांत एकतरी घास कमी घ्यावा, असा तो नियम. त्याचा हेतू संयम व कर्मनिर्जरा हा आहे, वजन उतरविणे नव्हे. परंतु घास मोजणाऱ्यास ताटाकडे लक्ष द्यावेच लागते. आमच्या मते अडचण पंक्तीतील आग्रहाची अधिक आहे. ‘पुरे’ म्हणणाऱ्याच्या ताटात जिलबी टाकणे हे प्रेम असेल, पण उपवासाचे पुण्य वानून पारण्यास त्याच माणसास कंठाशी येईतो वाढणे, हे कसले प्रेम?

ज्यांस आरंभ करावयाचा आहे त्यांनी दिवसातील एक जेवण तरी टेलिफोन बाजूस ठेवून घ्यावे आणि दुसऱ्यांदा वाढून घेण्यापूर्वी क्षणभर थांबावे. मधुमेहासाठी इन्सुलिन वा गोळ्या चालू असणाऱ्यांनी आहार घटविण्याआधी डॉक्टरांस विचारावे. औषधाचे मान तेच राहून अन्न कमी झाल्यास साखर एकाएकी उतरण्याचे भय असते.